एकाच छापाच्या तीन थाळ्या

नवी थाळी खोक्यातून निघाली की बाई आधी डोळे मिटून घेत. थाळी उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अडकवायच्या, हात सैल सोडायच्या आणि दोन-तीनदा मागंपुढं झुलवायच्या. मग डोळे उघडून निकाल द्यायच्या, "बहीण हाय. पर जुळी नाई."

थाळी म्हणजे जेवायची नव्हे, थाळीफेकीची. मधे लाकूड आणि भोवती बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव. मुलींची एक किलोची असते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या शाळेतसुद्धा यावरून एकदा गोंधळ झाला होता. 'या वर्षी आलेल्या थाळ्या मागील थाळ्यांसारख्या नाहीत, कृपया पाहणी व्हावी,' असा अर्ज बाईंनी दिला. मुख्याध्यापकांनी तो पोषण आहाराच्या फायलीला लावला आणि दोन दिवसांनी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन ताटं उलटीसुलटी करून पाहून आले. "ताटं तर चांगली आहेत की हो, मॅडम," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मुलचेऱ्याच्या आमच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. मूळच्या वरोऱ्याच्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, साडीवर ट्रॅकसूटचा वरचा अंगरखा आणि पायात बूट. मी विज्ञान शिकवतो. माझं गाव नाशिककडचं. आमच्या वर्गात बंगाली बोलणारी मुलं असतात, गोंडी बोलणारी असतात, झाडीबोली बोलणारी असतात. मैदानावर मात्र सगळी बाईंची वरोऱ्याची भाषा बोलत. "अवं, पाय कुठी ठेवून राह्यली तू?" हे वाक्य मी बंगाली मुलीच्या तोंडून, बंगाली सुरात ऐकलेलं आहे.

सात वर्षांत शाळेत थाळ्यांचे तीन लॉट आले होते. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच छापाचे. रंग तोच लाल, खोक्यावर तेच चित्र, तोच आकडा. दुसरा कुणी असता तर त्यानं सगळ्या एका पोत्यात भरून ठेवल्या असत्या. बाईंनी पहिल्या लॉटच्या थाळ्यांवर पांढरा ठिपका दिला होता, दुसऱ्या लॉटवर पिवळा. तिसरा लॉट आला त्या दिवशी त्या माझ्या प्रयोगशाळेत येऊन म्हणाल्या, "सर, निळा रंग हाय का थोडासा?"

मी विचारलं, "कंपनी एक, माप एक. फरक कसला पडतो?"

"चला, दाखवतो," त्या म्हणाल्या. त्या भागात बायकाही पुष्कळदा 'करतो, जातो' म्हणतात, त्याची मला तोवर सवय झाली होती.

त्यांनी मला तीन दिवस मैदानावर उभं केलं. आठवी-नववीच्या चार मुली. प्रत्येकीनं पांढऱ्या ठिपक्याची पाच वेळा फेकायची, मग पिवळ्याची, मग निळ्याची. बांबूला ओढणीची चिंधी बांधलेली, वाऱ्यासाठी. दुसऱ्या दिवशी तोच खेळ उलट्या क्रमानं, निळ्यापासून सुरुवात. मी कारण विचारलं, तर माझ्याकडे मंद विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहत म्हणाल्या, "हात थकते ना, सर. पहिल्यांदा फेकलेली नेहमी चांगलीच जाईन. मंग थाळीचा गुण कोणता अन् हाताचा कोणता, कसं समजन?"

वीस वर्षं मी मुलांना प्रयोग लिहून देत होतो. प्रयोग म्हणजे काय हे त्या दिवशी मैदानावर पाहिलं.

आणि फरक होता. पांढऱ्या ठिपक्याच्या थाळीचं वजन कडेला जास्त होतं. ती गरका घ्यायला कुरकुर करायची, पण एकदा फिरली की शेवटपर्यंत आडवी तरंगत जायची. पिवळीचं वजन मधे जास्त. नवख्या हातातून सहज सुटायची आणि पुढं जाऊन पंख मोडल्यासारखी एका अंगावर पडायची. निळी दोघींच्या मधली, पण तिच्या धावेचा सांधा उंच होता. सुटताना बोटाला खरवडायचा. मी फळ्यावर चाक काढून बाईंना समजावलं, की वजन मध्यापासून लांब असलं तर फिरणं टिकतं, त्यामागचं शास्त्र असं असं आहे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माहं बरोबर होतं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शास्त्र त्यांच्या मागून चालत येतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

त्या चार मुलींत रोशनी नावाची एक होती. तिचे वडील तलावावर मासेमारी करायचे. बाई म्हणायच्या, "इले म्या शिकवलंच नाई. बापानं जाळं फेकताना कंबर कशी फिरवली, ते पाहून पाहून आली हे पोरगी." आदल्या हिवाळ्यात शाळेच्या क्रीडा संमेलनात रोशनीनं पांढऱ्या ठिपक्याची थाळी अशी फेकली होती, की मोजपट्टी धरलेला शिक्षक मागं सरकताना पडला. शाळेचा विक्रम मोडला. व्हरांड्यातल्या विक्रमांच्या फळ्यावर तिचं नाव रंगवलं गेलं. गावच्या वळणावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला, त्यात तिच्यापेक्षा गावातल्या पुढाऱ्यांचेच फोटो जास्त होते. आणि मुख्य म्हणजे, क्रीडा वसतिगृहाच्या निवडीसाठी बाईंनी तिचा अर्ज पाठवला, त्यात हाच आकडा लिहिला होता. तिथं प्रवेश मिळाला की राहणं, जेवण, शिक्षण, सराव, सगळ्याची सोय. उन्हाळ्याआधी चाचणीचं बोलावणं येणार होतं.

तिन्ही लॉटची तुलना पुरी करायची म्हणून बाई चौथ्या दिवशी थाळ्या घेऊन प्रयोगशाळेत आल्या. आमच्याकडे नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला होता, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. आधी एक किलोचं प्रमाणित वजन ठेवून काटा तपासला. निळी ठेवली : एक हजार चार. पिवळी : एक हजार दोन. मग पांढरी ठेवली.

काट्यावर नऊशे एक्क्याण्णव आलं.

बाईंनी थाळी उचलली, पदरानं पुसली, परत ठेवली. तोच आकडा. दुसरी पांढऱ्या ठिपक्याची आणली. ती नऊशे त्र्याण्णव. मुलींच्या थाळीला एक किलो म्हणजे एक किलो. वर चालतं, खाली चालत नाही.

"कंपनीनंच कमी दिली असेल," मी म्हणालो.

बाई थाळीच्या धावेवरून अंगठा फिरवत होत्या. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाई, सर. म्याच कमी केली."

मुरमाच्या मैदानावर थाळी पडली की लोखंडाला बारीक काटे उठतात. ते मुलींच्या बोटांना कापतात. म्हणून बाई दर शनिवारी व्हरांड्यात बसून कानशीनं ते काटे घासून काढायच्या. मी त्यांना कितीदा तरी पाहिलं होतं, मांडीवर जुनं पोतं, पोत्यावर थाळी आणि कानशीची खरखर. सात वर्षांच्या त्या शनिवारांत निदान नऊ ग्रॅम लोखंड गेलं होतं.

"माह्या हाताले समजलं कसं नाई?" त्यांनी मला विचारलं, जणू मला ठाऊक असावं. "रोज धरून राह्यलो तिले. ते झिजत गेली अन् माहा हात बी तिच्यासंगं बदलत गेला."

त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. विक्रम रद्द करायचा आणि वसतिगृहाला तसं कळवायचं, असं त्यांनी सांगितलं. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"मॅडम, नऊ ग्रॅम! एका लिंबाएवढंही नाही. कोणाला कळणार आहे?"

"मले समजलं ना."

"पोरीचं नुकसान होईल."

"होईन," बाई म्हणाल्या. "पर ते चाचणीले जाईन, तिथं पुऱ्या किलोची थाळी हाती येईन, अन् तिले वाटन का आपलाच हात कमी पडला. ते नुकसान मोठं हाय, सर."

त्याच दुपारी त्यांनी व्हरांड्यात बाक ओढला, त्यावर चढून रॉकेलच्या बोळ्यानं रोशनीचं नाव पुसलं. शाळा सुटायची वेळ होती; सगळी मुलं उभी राहून पाहत होती. तिच्याआधीचा विक्रमही याच थाळीनं झालेला, म्हणून तो परत लिहिला नाही. 'थाळीफेक, मुली' एवढंच राहिलं आणि पुढं कोरी जागा. खाली उतरल्यावर त्यांनी मुलांकडे तोंड करून सांगितलं, "रोशनीची चूक नाई. थाळी हलकी झाली होती, अन् ते हलकी म्या केली. समजलं? आता घरी जा."

रोशनी घरी गेली आणि मैदानावर यायची बंद झाली. वर्गात यायची, माझ्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसायची. वसतिगृहाकडून बोलावणं आलं नाही. बाई रोज सकाळी सहाला मैदानावर असायच्या, बाकीच्या मुलींना शिकवायच्या. रोशनीच्या गावाकडून येणाऱ्या रस्त्याकडे त्या अजिबात पाहत नसत. इतकं न पाहणंही माणसाच्या लक्षात येतं.

तिसऱ्या आठवड्यात रोशनीचे वडील आले. मोटरसायकल फाटकाबाहेर लावली आणि तडक मैदानावर.

"बाई, पोरगी घरात कोणाशी बोलून नाई राह्यली. लोकं इचारतात, नाव काऊन पुसलं म्हून. चोरी केली का तिनं?"

"बसा, भाऊ."

"बसाले नाई आलो मी."

बाईंनी दोन थाळ्या आणल्या, एक पांढऱ्या ठिपक्याची, एक निळ्या. त्यांच्या दोन हातांत दिल्या. "सांगा, हलकी कोणती?"

त्यांनी तोलून पाहिल्या. हात बदलून पाहिल्या. "दोन्ही सारख्याच हायेत."

"मले बी तसंच वाटलं, भाऊ. सात वर्षं."

मग बाईंनी त्यांना काटा, कानस, शनिवार, सगळं सांगितलं. स्वतःला कुठं वाचवलं नाही. वडील ऐकत ऐकत कधी बाकावर बसले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. थाळ्या अजून हातातच होत्या. ते म्हणाले, "जाळ्याले खालून शिशाचे मणी असतात. त्यातला एखादा गळला, तर हाताले समजत नाई. जाळं पहिल्यासारखंच वाटते." त्यांनी थाळ्या बाकावर ठेवल्या. "पर मासळीले समजते. तितूनच निघून जाते."

"तेच म्हणून राह्यलो मी," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनी आली. बूट बांधले, थाळ्यांच्या पोत्याजवळ उभी राहिली आणि जमिनीकडे पाहत विचारलं, "कोणती फेकू?"

"सगळ्या," बाई म्हणाल्या. "तिथं गेल्यावर कोणती हाती येईन, आपल्याले का माहीत?"

त्या वर्षीचा सराव मी कधी विसरणार नाही. पावसाळ्यात मैदान चिखलानं भरलं की व्हरांड्यात शाळा भरायची. रोशनीच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि बाई एकेक थाळी तिच्या हातात देत जायच्या. तिनं झुलवून सांगायचं. "पिवळी. निळी. ही बी निळी, पर दुसरी, जिचा सांधा उंच हाय ती." सुरुवातीला चुकायची. गणपतीपर्यंत दहातली एखादी चुकायची. प्रत्येक थाळीशी कसं वागायचं ते बाईंनी तिच्या अंगात मुरवलं : कडेला जड असलेलीला सोडताना बोटाचा झटका उशिरा द्यायचा, मधे जड असलेलीचं नाक खाली ठेवायचं, सांधा बोटाखाली येऊ द्यायचा नाही. एकीचा राग दुसरीवर काढायचा नाही. आणि दर शनिवारी वजनकाटा. धावेवरचे काटे अजूनही घासले जायचे, कारण बोटं अजूनही कापायची. पण घासून झालं की थाळी माझ्या टेबलावर यायची, आणि एक किलोच्या खाली गेली की तिच्यावर काळी पट्टी. ती फक्त सरावाला.

जिल्ह्यात रोशनी पहिली आली, विभागात दुसरी. डिसेंबरात राज्यस्पर्धा होती, पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरात. आमच्या इथून निघून बल्लारपूरला गाडी पकडायची आणि एक अख्खा दिवस बसून राहायचं. सोबत जाणारा दुसरा शिक्षक आजारी पडला, म्हणून मी गेलो.

ते मैदान पाहून मीच बुजलो. लाल धावपट्टी, पायऱ्यापायऱ्यांचं प्रेक्षागार, आणि मुलींच्या सोबत आलेले प्रशिक्षक गळ्यात शिट्ट्या घालून इंग्रजी बोलणारे. थाळ्या संयोजकांच्याच वापरायच्या होत्या. रॅकवर सहा थाळ्या ठेवलेल्या, सगळ्या एका कंपनीच्या, सगळ्या लाल. आमच्याच छापाच्या! प्रशिक्षकांना दोरीच्या आत जायची परवानगी नव्हती. बाई दोरीला पोट लावून उभ्या.

बाकीच्या मुली येत, हाताला येईल ती थाळी उचलत आणि फेकत. रोशनी रॅकपाशी गेली. तिनं पहिली उचलली, डोळे मिटले, झुलवली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरी. मागच्या दोन मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. पंचानं घड्याळाकडे पाहिलं. पाचवी थाळी मात्र तिनं खाली ठेवली नाही.

"कडेले जड हाय ते सापडली तिले," बाई पुटपुटल्या. त्यांना इतक्या लांबून कसं कळलं, मला ठाऊक नाही.

पहिली फेक जाळीत गेली. दुसऱ्या वेळी पाय वर्तुळाबाहेर पडला. आता एकच उरली. ती चुकली तर अंतिम आठांत नाव नाही आणि घरी परत. रोशनी वर्तुळात उभी राहिली. एकदा मान वळवून तिनं आमच्याकडे पाहिलं. बाईंनी हात हलवला नाही, ओरडल्या नाहीत, नुसती मान हलवली. मुलगी फिरली. थाळी सुटली ती इतकी सावकाश वाटली, की मला वाटलं फसली. ती आडवी तरंगत राहिली, खाली यायचं नावच घेईना, आणि पडली तेव्हा मोजपट्टीवाले दोघं उठून पुढं चालत गेले.

पुसून टाकलेल्या आकड्यापेक्षा ती फेक दीड मीटर लांब होती. पुऱ्या किलोच्या थाळीनं. शेवटी तिचा राज्यात तिसरा क्रमांक आला आणि तिथल्या तिथं वसतिगृहाच्या निवड समितीतल्या माणसानं येऊन तिचं नाव लिहून घेतलं.

रोशनी धावत दोरीपाशी आली. अंतर किती, हे बाईंनी विचारलंच नाही. तिचा उजवा हात पकडून त्यांनी बोटं एकेक करून पाहिली, कुठं कापलंय का. मग तो हात तसाच दोन्ही हातांत धरून ठेवला. मी दुसरीकडे पाहिलं.

बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आता वरोऱ्याला असतात, गुडघे दुखतात म्हणून सकाळी मैदानावर जात नाहीत. रोशनी वसतिगृहात आहे, तिथल्या फळ्यावर तिचं नाव आहे. आमच्याकडे खेळाला नवे सर आले आहेत, चांगले आहेत. सहा वाजता मी खिडकी उघडतो तेव्हा मैदान रिकामं असतं आणि मला ते मोठं वाटतं.

पण बाई आठवल्या, की मला त्या शाळेच्या मैदानावर दिसत नाहीत. दिसतात त्या मोठ्या शहरातल्या बक्षीस समारंभात. विजेत्या मुली चौथऱ्यावर उभ्या होत्या. ध्वनिक्षेपकावर एक गृहस्थ नावं वाचत होते. "तृतीय क्रमांक, रोशनी..." पुढं ते अडखळले, कागद जवळ घेतला आणि म्हणाले, "मुळ... मुळशेरा, जिल्हा गडचिरोली." थोडे लोक हसले. रोशनीनं मान खाली घातली.

बाई उठल्या. मी "अहो बाई" म्हणेपर्यंत त्या दोरीखालून आत गेल्या होत्या. एका स्वयंसेवकानं हात आडवा केला, त्यांनी तो बाजूला केला. साडीवर अंगरखा, पायांत धुळीचे बूट, अशा त्या हिरवळीवरून सरळ चालत टेबलापर्यंत गेल्या. ध्वनिक्षेपक चालूच होता, त्यामुळं सगळ्या मैदानानं ऐकलं.

"मुलचेरा. चेहऱ्यातला चे. पोरीनं इतक्या दुरून येऊन थाळी फेकली. तुमाले चार अक्षरं नाई फेकता येत? परत म्हणा."

गृहस्थ गडबडले. मग त्यांनी खाकरून, एकेक अक्षर सुटं करत, मोठ्यानं म्हटलं, "तृतीय क्रमांक... मु-ल-चे-रा!"

चौथऱ्यावर रोशनीची मान वर आली. समोरच्या प्रेक्षागाराच्या भिंतीवर आपटून तो आवाज मागं फिरला आणि आमच्या गावाचं नाव त्या शहरानं दुसऱ्यांदा ऐकलं. ते पूर्ण विरेपर्यंत बाई टेबलापासून हलल्या नाहीत.